जलशापासून लॅपटॉपपर्यंत : ‘आपला स्टुडिओ’ नेमका कुणाचा?

एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत एक दृश्य हमखास दिसतं. पत्र्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या लटकवलेल्या, पंखा बंद, टेबलावर लॅपटॉप, शेजारी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि स्टँडवर एकच माईक. १४ एप्रिलच्या आत गाणं यायलाच हवं म्हणून पोरं रात्र रात्र जागतात. दिवसा रेकॉर्डिंग जमत नाही, कारण रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या आणि नळावरची भांडणं सगळी माईकमध्ये शिरतात. या खोलीला पोरं अभिमानाने ‘आपला स्टुडिओ’ म्हणतात.

हा लेख त्या ‘आपला’ या शब्दाबद्दल आहे. लॅपटॉप आला आणि आपलं गाणं स्वतंत्र झालं, असं सरसकट बोललं जातं. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजायचं तर आपल्या गाण्याचा इतिहास यंत्राच्या बाजूने वाचावा लागेल. यंत्र कुणाच्या हातात होतं आणि नाव कुणाचं राहिलं, हे दोन प्रश्न धरून.

सत्यशोधक जलशांची परंपरा आपल्याकडे आधीपासून होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्याला लागायचं काय? ढोलकी, तुणतुणं, झांज, चार साथीदार आणि गळा. लाऊडस्पीकर असेलच याची खात्री नसायची, म्हणून आवाज शेवटच्या माणसापर्यंत फेकावा लागे. आपण ज्याला पहाडी आवाज म्हणतो तो या गरजेतून घडला आहे. गाणं वह्यांत उतरायचं आणि तोंडातोंडी पुढे जायचं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक हजारो गाणी घेऊन गावोगाव फिरले. ती गाणी पसरायला कुठल्या कंपनीची परवानगी लागली नाही. पण जपून ठेवायची सोयही नव्हती. वही भिजली, माणूस गेला, की गाणं गेलं.

त्याच काळात दुसरीकडे ध्वनिमुद्रणाचा धंदा भरभराटीला आला होता. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या आवाजाचं मुद्रण झालं. १९०८ पासून ग्रामोफोन कंपनीचा कारखाना तिथेच सुरू झाला. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. रात्रभर चालणारा, गण-गवळणीचा साचा मोडून वग आणि सवाल-जवाबातून समाजाला जागं करणारा जलसा तीन मिनिटांत बसवणार कसा? आणि कुणाला बोलवायचं हे ठरवणार भांडवलवाला. विकलं जाईल तेच मुद्रित होणार. ज्यांच्या घरात ग्रामोफोन नव्हता त्यांची आवड बाजाराच्या हिशेबात धरलीच जात नव्हती.

ही कोंडी कॅसेटने फोडली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट १९८० च्या दशकात आपल्याकडे घरोघर पोहोचली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारताच्या संदर्भात हा बदल मांडला आहे. स्वस्त यंत्रामुळे मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक, स्थानिक संगीताला बाजार मिळाला. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज असेच घराघरांत गेले. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले. पण मॅन्युएल आणखी एक गोष्ट दाखवतात, तीही विसरू नये. याच कॅसेटवरून धार्मिक द्वेषाची भाषणंही गावोगाव पोहोचली. यंत्र आपलंही नसतं आणि त्यांचंही नसतं. ते ज्याच्या हातात आहे त्याचं काम करतं.

कॅसेटच्या काळातही स्टुडिओ आपला नव्हता. तो शिफ्टवर भाड्याने घ्यावा लागे. अख्खी पार्टी एकाच दिवशी जमवायची, मजुरी बुडवायची आणि घड्याळाकडे बघत गायचं. कोरस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. कवीच्या हातात बहुतेकदा एकरकमी पैसे पडत आणि पुढे कॅसेट किती खपली याचा हिशेब त्याच्यापर्यंत येत नसे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीतले एक काका बुरशी धरलेली कॅसेट घेऊन आले. पोरांनी ती हळुवार साफ केली, जुन्या डेकवर लावली आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतली. आवाज ठीक निघाला. पण कव्हर कधीच फाटून गेलं होतं. गाणं कुणाचं, हे काकांनाही आठवेना. शेवटी त्याच कॅसेटमध्ये कोरसला असलेल्या एका आजींनी दुसऱ्या कडव्यावर कवीचं नाव सांगितलं. काका म्हणाले, “आणि बाई, तुमचं नाव तरी कुठं होतं कव्हरवर?” आजी नुसत्या हसल्या. पस्तीस वर्षांनी एक नाव सापडलं ते आजी जिवंत होत्या म्हणून.

आता लॅपटॉपकडे येऊ. डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, म्हणजे पोरं ज्याला नुसतं ‘डॉ’ म्हणतात, ते सुरुवातीला श्रीमंतांचंच होतं. १९९१ साली आलेलं प्रो टूल्स व्यावसायिक स्टुडिओंसाठी होतं आणि त्याला महागडं हार्डवेअर लागायचं. पुढे संगणकाचा वेग वाढला आणि किंमत उतरली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममधून फ्रूटीलूप्स आलं, तेच आजचं एफएल स्टुडिओ. २००० साली ऑडॅसिटी मोफत आणि मुक्त स्वरूपात आलं. नंतर कमी किमतीतलं रीपर आलं. भिंतभर यंत्रं आणि रुंद टेप लावून जे काम व्हायचं ते एका स्क्रीनवर होऊ लागलं.

यातला खरा बदल कष्टाच्या हिशेबातला आहे. प्रत्येक आवाजाला वेगळा ट्रॅक असतो. ढोलकीवाला सोमवारी पाळी संपवून येईल, गायिका धुणीभांडी उरकून गुरुवारी येईल, कोरस रविवारी विहारातून वंदना आटोपून येईल. चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा गाता येते. कुणाचीही मजुरी बुडत नाही. शिफ्टच्या घड्याळातून सुटका, हे या तंत्राचं आपल्यासाठीचं सगळ्यात मोठं देणं आहे.

पण या तंत्रात घडवणाऱ्यांच्या सवयीही आलेल्या असतात. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की चार-चारचा ठोका आणि सरळ चौकटी समोर येतात. केरवा त्यात बसतो, दादऱ्यासाठी सेटिंग बदलावं लागतं. क्वांटाइझ शंभर टक्के केलं की ढोलकीचा झोल मरतो. १९९७ साली आलेलं ऑटोट्यून कडक लावलं की शाहिराची हाक सपाट होते. पहाडी आवाज माईकच्या तोंडाशी घेतला की फाटतो आणि मग पोरं काकांनाच “हळू गा” म्हणतात. काकांनी हळू का गावं? माईक हातभर लांब न्या, गेन उतरवा. २४ बिटवर मुद्रण करताना सर्वांत वरचा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. यंत्र गळ्याप्रमाणे लावायचं असतं. गळा यंत्राप्रमाणे कापायचा नसतो.

हलगीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९२७ च्या महाड परिषदेनंतर आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कितीतरी लोकांनी गावकीची कामं सोडली. त्यात गावाच्या हुकमावर वाजवणंही आलं. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. आज तीच हलगी सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर वाजते. कातडं नको, गावकी नको, पाटलाचं बोलावणं नको. काही जण म्हणतात की ही मुक्ती आहे. मला वाटतं, इथे थोडं थांबावं. त्या बटणामागेही कुणाचा तरी हात आहे. कुणीतरी कधीतरी ती हलगी वाजवली आणि तिचं सँपल झालं. जातीने लादलेलं काम सुटलं हे चांगलंच झालं. पण कला ठेवून कलावंत पुसणं ही जातीचीच जुनी रीत आहे, ती आपण चालवायची का? वस्तीत हलगीवाला असेल तर त्याला बोलवा, मोबदला द्या, त्याचे ठोके मुद्रित करा आणि फाईलला त्याचं नाव द्या.

आणि आता सगळ्यात अवघड मुद्दा. तो आपल्याच लोकांबद्दलचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा आहे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. मुद्रणासाठी पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारा तो निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या आणि चालीच्या मानधनात कर्त्याला समान वाटा राखून ठेवला, तो हक्क लिहून घेता येत नाही. गायक-वादकांनाही हक्क दिले. हा कायदा कंपन्यांना लागू आहे तसाच आपल्या पत्र्याच्या खोलीलाही लागू आहे. आज चॅनल कुणाच्या नावावर आहे? लॅपटॉपवाल्याच्या. पैसे आले तर कुणाच्या खात्यात? त्याच्याच. गाण्याच्या खाली नाव कुणाचं? गायकाचं आणि मिक्सिंगवाल्याचं. कवी बऱ्याचदा गायब, कोरसच्या बाया तर नेहमीच गायब. मालक आपल्या समाजाचा आहे म्हणून मालकीची रीत बदलली असं होत नाही.

नाव आणि आवाज टिकणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे रमाबाई नगरने आपल्याला शिकवलं. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो, कारण आनंद पटवर्धन यांनी तो ‘हमारा शहर’मध्ये आणि पुढे ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ठेवला. त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण वस्तीवस्तीतल्या ज्या शाहिरांपर्यंत कुठलाच कॅमेरा पोहोचला नाही, त्यांचं काय झालं?

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला आणि पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. दुसऱ्याच्या पानावर जागा मागत बसण्यापेक्षा पान आपलं असावं, हा त्यामागचा विचार होता. आज तसं पान आपल्याकडे आहे. मात्र त्यावर सगळ्यांची नावं लिहायची जबाबदारीही आता आपलीच आहे.

म्हणून स्टुडिओ चालवणाऱ्या प्रत्येक भावाबहिणीला माझी विनंती आहे. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक साधा कागद ठेवा. कवी, चाल, गायक, प्रत्येक वादक, कोरसमधली प्रत्येक व्यक्ती, तारीख, ठिकाण आणि पैशाची वाटणी, सगळं त्यावर लिहा आणि सह्या घ्या. एमपीथ्रीवर न थांबता सगळे ट्रॅक वेगवेगळे, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि जयंतीच्या गर्दीतून एक रविवार काढून आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिराला, गायन पार्टीतल्या आजीला माईकसमोर बसवा. गाणं चुकलं तरी चालेल, अर्धंच आठवलं तरी चालेल. आधी त्यांचं नाव त्यांच्याच आवाजात घ्या.

तेवढं झालं की मग त्या खोलीला खुशाल ‘आपला स्टुडिओ’ म्हणा.

जय भीम!