गुळवेल विकताय? आधी वेल ओळखा, मग राखेचा हिशेब समजून घ्या

करोनाच्या काळात गुळवेलीला एकदम भाव आला. बांधावरची, कुंपणावरची वेल पोत्यांनी बाजारात गेली. पण 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या 13 केंद्रांतून अशाच 43 रुग्णांची नोंद आली.

आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं, की औषधी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल चुकून घेतली गेली असावी. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण वेल ओळखणं गरजेचं आहे यावर दुमत नाही.

पानावर जाऊ नका, दोघींचंही पान बदामाच्या आकाराचंच असतं. गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर फोडासारख्या गाठी नसतात, तोडल्यावर दुधाळ चीक येत नाही. फळ गोल, पिकल्यावर लाल. क्रिस्पाचं खोड करडं, गाठीगाठींचं. तिला दुधाळ चीक येतो आणि फळ लांबट, नारिंगी असतं. जून गुळवेलीवरही बारीक ठिपके दिसतात, त्यामुळे एकाच खुणेवरून ठरवू नये.

वेल खरी असली तरी माल नापास होऊ शकतो. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात गुळवेलीसाठी मोजमाप ठरलेलं आहे. काडीकचरा 2 टक्क्यांहून जास्त नको. नमुना जाळून उरलेली राख 16 टक्क्यांच्या आत हवी. या राखेतला आम्लात न विरघळणारा भाग, म्हणजे मुख्यतः माती-वाळू, 3 टक्क्यांच्या आत. पाण्यात उतरणारा अर्क मात्र किमान 11 टक्के हवा. शेणामातीच्या खळ्यावर वाळवलेला माल बहुतेकदा या राखेच्या चाचणीतच अडकतो. ताडपत्रीवर वाळवला तर निम्मं काम तिथंच होतं. तोडणीसाठी औषधकोश उन्हाळा, शक्यतो मे महिना सांगतो.

शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम हे डोळ्यांना दिसत नाहीत, ते प्रयोगशाळेतच कळतात. शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग, पाऱ्याची 1. त्यामुळे हमरस्त्याकडेची किंवा कारखान्याच्या सांडपाण्याजवळची वेल तोडूच नये.

विकत घेताना डब्यावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. घरचा काढा सुरू असताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर काढा थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि काय घेत होतो ते डॉक्टरांना सांगावं.