शिकागो ते जिल्हा परिषदेची शाळा

रोटरीने रंगवलेली खेड्यातली शाळा पाहिली की मला शिकागो आठवते. पॉल हॅरिस यांनी १९०५ साली तिथे पहिला क्लब काढला. १९०७ मध्ये क्लबाने सार्वजनिक स्वच्छतागृहांचा प्रश्न हाती घेतला. आपल्याकडच्या सोयीमुळे गिऱ्हाईक येते, म्हणून दारूचे गुत्तेवाले आणि बडे दुकानदार आडवे आले. तरीही इतर संस्थांना जोडीला घेऊन क्लबाने नगरपालिकेलाच कामाला लावले.

आज भारतात रोटरीच्या ‘हॅपी स्कूल’ उपक्रमात मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ती मुळात सरकारची जबाबदारी आहे. क्लब बांधून देईल. पण रोजचे पाणी, रोजची सफाई कोणाकडे? देणगीच्या फलकापाशी सेवा संपू नये. पाठपुरावा हीच तिची जुनी रीत आहे.