तळटीप : हवेवर चालणारा हातोडा

गॅरेजमध्ये ‘एअर हॅमर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पिस्तुलासारख्या घडणीच्या हत्यारात कॉम्प्रेसरमधून सुमारे ९० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचास ९० पौंड, दाबाने आलेली हवा नळकांड्यातील दट्ट्याला पुढेमागे हलवते आणि तो दट्ट्या छिन्नीच्या मागच्या टोकावर मिनिटाला हजारो घाव घालतो. त्यामुळे घणाच्या मोजक्या घावांना दाद न देणारा, गंजाने जाम झालेला बॉल जॉइंटही या सलग कंपनांनी पुष्कळदा सुटतो. छिन्नी कामावर घट्ट टेकवल्याखेरीज घोडा दाबू नये, कारण तिला धरून ठेवणारी स्प्रिंग मोकळे घाव सोसण्यासाठी नसते आणि छिन्नी उसळून माणसाला लागू शकते. मूळ मजकुरात संरक्षक चष्मा व कानांच्या बोळ्यांचा उल्लेख नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण गंजाचे कण थेट डोळ्यांकडे उडतात आणि या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. — संपादक