संहितेचा अधिकार आणि खेळाचा अवकाश

संहिता आणि प्रयोग यांच्या संबंधाचा विचार करताना पैठणच्या एकनाथांचे उदाहरण दोन परस्परविरुद्ध बाजूंनी उद्बोधक ठरते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात स्वतःच्या ओव्यांची भर घालू नये, अशी ताकीदही दिली. त्याच एकनाथांनी भारुडे रचली. जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे त्यांत येतात आणि सोंगी भारूड सादर करणारा कलावंत मूळ पदाला प्रसंगानुरूप बोलण्याची जोड देत आला आहे. ग्रंथ बंदिस्त करणारा आणि सोंग मोकळे सोडणारा पुरुष एकच होता. कोणत्या ठिकाणी संहितेचा अधिकार मानावयाचा आणि कोणत्या ठिकाणी तो आवरावयाचा, हा विवेक या दुहेरी कार्यातून सूचित होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य लोकप्रिय संस्कृतीतील एका खेळप्रकारापुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. तेथे मात्र हा विवेक हाती येण्यास दोन दशके लागली.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, खेळाडू आपल्या पात्राची कृती सांगतात आणि जेथे यशापयश संदिग्ध असेल तेथे फासे निर्णय देतात. पुढील कथा कोणासही आधी ठाऊक नसते. प्रकाशक पुरवितो ते कथानक नव्हे, तर त्याची पार्श्वभूमी असते. नकाशे, राज्ये, देवता, वैरे आणि दंतकथा यांनी सिद्ध झालेल्या या खेळविश्वाचे मूल्य त्याच्या अपुरेपणात असते. एखादा जुलमी राजा तेथे असतो, कारण त्याला कोणीतरी पदच्युत करावयाचे असते.

कादंबरीचा रूपबंध याच्या नेमका उलट आहे. कादंबरीत जे घडते ते कायमचे घडते. खेळविश्वावर आधारित संलग्न कादंबऱ्या प्रकाशकाने स्वतःच काढावयास प्रारंभ केला, तेव्हा हे दोन रूपबंध एकाच भूमीवर हक्क सांगू लागले.

या प्रक्रियेचा पहिला मोठा टप्पा १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’च्या रूपाने आला. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची पहिली कादंबरी आणि खेळावयाच्या साहसपुस्तिकांची मालिका टी.एस.आर. या कंपनीने त्याच वर्षी बाजारात आणली. पहिली कादंबरी पुस्तिकांच्या घटनाक्रमाशी बांधलेली होती. हे बंधन जाचक वाटल्याने पुढील कादंबऱ्या संबंधित पुस्तिकांच्या आधी लिहिण्यात आल्या. हा बदल वरवर केवळ कार्यपद्धतीचा वाटतो. वस्तुतः अधिकाराचे केंद्र त्यातून खेळाकडून कादंबरीकडे सरकले. पुस्तिकांमध्ये कादंबरीतील नायकच खेळाडूंसाठी तयार पात्रे म्हणून दिलेले होते. कथेला आवश्यक असलेले पात्र अकाली मेले, तर त्याचा मृत्यू शक्यतो संदिग्ध ठेवावा म्हणजे ते पुढे परत येऊ शकेल, असाही संकेत त्यांत होता. फाशाने दिलेला मृत्यू कथेच्या सोयीसाठी रद्द करण्याची ही तरतूद होती. खेळाडूच्या हातात भूमिका होती, परंतु त्या भूमिकेचे भवितव्य नव्हते.

‘फॉरगॉटन रेल्म्स’ या खेळविश्वात हा संघर्ष अधिक व्यापक झाला. एड ग्रीनवुड यांनी हे विश्व कुमारवयात, खेळाचा जन्म होण्यापूर्वीच, स्वतःच्या कथांसाठी कल्पिले होते. १९८७ मध्ये ते खेळविश्व म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणजे कथा ही येथे उपरी नव्हती. आर. ए. साल्वाटोर यांनी १९८८ पासून निर्मिलेल्या ड्रिझ्ट या पात्राने तर कधी फासा हाती न धरलेला वाचकही या विश्वाकडे वळविला. कादंबरीने खेळविश्वाला लोकप्रियता, स्मृती आणि भावनिक घनता दिली, हे मान्य केले पाहिजे. अडचण १९८९ च्या ‘अवतार’ त्रयीत दिसते. खेळाची नियमावली नव्या आवृत्तीत बदलली होती आणि त्या बदलाला कथेचे कारण हवे होते. म्हणून देवांना पृथ्वीवर लोटून देणाऱ्या, काहींचा अंत घडविणाऱ्या घटना कादंबऱ्यांतून रचण्यात आल्या. त्याच नावांच्या तीन साहसपुस्तिकाही निघाल्या. परंतु विश्वाची उलथापालथ कादंबरीतील पात्रांनीच करावयाची असल्याने खेळाडूंच्या वाट्याला मुख्यतः साक्षीदाराची जागा आली.

१९९१ मधील ‘डार्क सन’चे उदाहरण सर्वांत निर्णायक आहे. ओसाड, जलहीन जगात मांत्रिक राजांची नगरराज्ये, अशी त्याची कल्पना. या जगातील टायर नगरीच्या कालक राजाचा वध ट्रॉय डेनिंग यांच्या पहिल्याच कादंबरीत, खेळविश्व प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, झाला. १९९३ पर्यंत पाच कादंबऱ्यांची मालिका पुरी झाली, तोवर या विश्वातील अनेक प्रमुख संघर्षांचा निकाल लागला होता. १९९५ च्या सुधारित आवृत्तीने तो निकाल अधिकृत इतिहास म्हणून स्वीकारला. ज्या शत्रूंसाठी खेळाडू टेबलाशी बसत, त्यांच्यापैकी अनेकांचा हिशेब इतरांनी परस्पर चुकता केला होता.

यावरून ठरलेले कथानक उत्स्फूर्त खेळाला मारक असते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. मराठी प्रयोगपरंपरा या निष्कर्षाला छेद देते. दक्षिण कोकणातील दशावतारात परंपरेने लिखित संवाद नसतात. पुराणातील आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि नट रंगमंचावर संवाद रचतात. आख्यानाचा शेवट प्रेक्षकांना ठाऊक असतो, तरी प्रयोग निष्प्राण होत नाही. तेव्हा दोष शेवट ठाऊक असण्यात नाही.

भेद दोन गोष्टींत आहे. पहिला काळाचा. पुराण प्रयोगाच्या आधी पूर्ण झालेले असते. दशावतारी नट रंगमंचावर उभा असताना आख्यानाचा पुढील भाग प्रसिद्ध होऊन त्याच्या पायाखालची भूमी बदलत नाही. संलग्न कादंबरी मात्र खेळ चालू असताना येते आणि खेळाडूंचा वर्तमानकाळ भूतकाळात ढकलते. दुसरा भेद स्वामित्वाचा. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये कर्णाला नवे अंतरंग दिले आणि कर्णाकडे पाहण्याची असंख्य मराठी वाचकांची दृष्टी बदलली, परंतु कोणत्याही कीर्तनकारावर तो कर्ण बंधनकारक झाला नाही. महाभारताला मालक नाही, म्हणून त्यावरील कादंबरी हे एक अर्थनिर्णयन राहते. खेळविश्व आणि कादंबरी यांचा मालक एकच असेल, तर कादंबरीतील घटना नियमाचे रूप घेते. नाराज खेळाडू ती नाकारू शकतो, हे खरे. परंतु पुढील प्रत्येक खेळग्रंथ ती गृहीत धरूनच लिहिला जातो आणि नकार देणाऱ्याच्या हाती निरुपयोगी नकाशा उरतो.

या प्रश्नाचे उत्तर पुढे या खेळाच्या कर्त्यांनीच शोधले. कीथ बेकर यांचे ‘एबेरॉन’ २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा खेळारंभ एका दीर्घ युद्धाच्या समाप्तीनंतर दोन वर्षांवर स्थिर ठेवण्यात आला. एका राष्ट्राच्या विनाशाचे कारण हेतुपुरस्सर अनिर्णित राहिले आणि कादंबऱ्यांतील घटना खेळासाठी प्रमाण नाहीत, असे धोरण ठरले. २०१० मध्ये ‘डार्क सन’ नव्याने आले, ते कालकाच्या वधानंतर लगेचच्या क्षणी. मालिकेतील त्यापुढील घटना बाजूस ठेवण्यात आल्या. एक वध पूर्वेतिहास म्हणून स्वीकारला गेला, बाकीचे राजे खेळाडूंना परत मिळाले. ‘फॉरगॉटन रेल्म्स’ने मात्र मधल्या काळात वेगळी वाट धरली होती: २००८ मध्ये आणखी एक महासंहार घडवून काळ सुमारे शंभर वर्षांनी पुढे नेण्यात आला आणि त्याचे परिणाम सावरण्यासाठी २०१३-१४ मध्ये पुन्हा सहा कादंबऱ्यांचीच मालिका काढावी लागली. अखेर २०२१ मध्ये जेरेमी क्रॉफर्ड यांनी, पाचव्या आवृत्तीच्या खेळग्रंथांत जे आले आहे तेवढेच खेळापुरते प्रमाण, अशी भूमिका जाहीर केली.

या इतिहासातून एक विभागणी स्पष्ट होते. कादंबरीने खेळविश्वाला भूतकाळ दिला तर ते समृद्ध होते. तिने वर्तमानकाळ बळकावला तर ते रिकामे होते. पूर्वजांची युद्धे, जुने शाप आणि पडलेली नगरे ही खेळाची सामग्री आहे, आज कोण जिंकणार हे मात्र टेबलाशी बसलेल्यांचे क्षेत्र आहे. वाचक आणि खेळाडू यांच्यातील भेद येथे केवळ रसास्वादाच्या पद्धतीचा नाही. कल्पित जगात निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नाशी तो निगडित आहे. पैठणच्या संपादकाने ओव्यांना कुंपण घातले, परंतु ते कुंपण त्याने भारुडाच्या अंगणात आणले नाही. खेळविश्वांचे प्रकाशक हीच सीमारेषा पुष्कळ नुकसानीनंतर, आणि तीही अंशतःच, आखू शकले.