बाटलीचा नंबर

बाळंतपणात रक्त चढवलं होतं, हे गौलीगुड्यातल्या आमच्या वयाच्या बायका सहज सांगतात. कुणाचं होतं, काय काय तपासलं होतं, हे तेव्हा कोण विचारणार? रक्त मिळालं, यातच सगळं आलं.

रक्ताची एचआयव्ही तपासणी आपल्याकडे १९८९ पासून सक्तीची झाली. त्याच वर्षी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या नेमाने रक्तदान करणाऱ्या तरुणाला पोलीस घेऊन गेले आणि ६४ दिवस त्याला जुन्या क्षयरुग्णालयात कोंडून ठेवलं. रोग कळवायची ही रीत! पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली १ जानेवारी १९९८ ला, तीही सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सांगितल्यावर. आणि हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची व्हायला २००१ साल उजाडलं.

मग त्याआधी रक्त घेतलेल्यांचं काय? ब्रिटनने १९९५ मध्ये जुन्या नोंदींवरून असे रोगी शोधायला घेतले. तरी कित्येकांना वर्षानुवर्षं सांगितलंच नाही, असं तिथल्या चौकशीचा २०२४ चा अहवाल म्हणतो. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर बाटलीचा नंबर सापडला तरी नशीब.

हा काविळीचा विषाणू लिव्हरमध्ये वीस-वीस वर्षं गप्प बसतो. पण आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकजण बरे होतात, आणि २०१८ पासूनच्या सरकारी कार्यक्रमात तपासणी-औषध फुकट आहे. तेव्हा बायांनो, २००१ च्या आधी रक्त चढलं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, अँटी-एचसीव्ही तपासणी करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर घाबरून न जाता पुढची आरएनए तपासणी मागा. काहीजणींचा संसर्ग आपोआप गेलेलाही असतो.