सात कोटींची शिल्लक आणि उपाशी चांदा

आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून तेव्हाचा चांदा जिल्हा. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी तो खचला. 1891 ते 1901 या दशकात लोकसंख्या सुमारे 7 लाखांवरून 6 लाखांवर आली.

सरकारी तिजोरीत मात्र सात कोटींची शिल्लक!

26 मार्च 1902, कलकत्ता. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांच्यावर अभिनंदनाचा वर्षाव चालला असता 35 वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उठले आणि त्यांनी त्यात सामील होण्यास स्वच्छ नकार दिला. 1892 च्या कायद्यानुसार सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. हाती होते ते फक्त आकडे.

1893 मध्ये टांकसाळी चांदीला बंद झाल्या आणि पुढे रुपया 16 पेन्सांवर चढवला गेला. विलायतेला पौंडांत धाडायच्या रकमेसाठी सरकारला कमी रुपये लागू लागले; रयतेकडून मात्र सारा आणि कर पूर्वीइतकेच, तेही महागलेल्या रुपयात. ही शिल्लक समृद्धीची नव्हे, जादा करवसुलीची, हा गोखल्यांचा मुद्दा. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या जंगलपट्टीतही मीठ विकतच घ्यावे लागे.

तो कर 1903 मध्ये दोन रुपये, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया झाला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नाही. पण कौन्सिलात ही मागणी त्यांनी दरवर्षी लावून धरली. चांदा ज्या मध्य प्रांतात होता, त्याला स्वतःचे कौन्सिल मिळाले 1914 मध्ये.