खापरपणजोबांची साक्ष

अमेरिकेत आयडाहो राज्यात आयडाहो फॉल्स नावाचं गाव आहे. तिथे १३ जून १९९६ ला अँजी डॉज या अठरा वर्षांच्या मुलीवर तिच्याच घरात बलात्कार करून खून झाला. गुन्हेगाराचा डीएनए पोलिसांना पहिल्या दिवसापासून मिळाला होता. तरीही तुरुंगात गेला तो क्रिस्टोफर टॅप हा विशीतला पोरगा, ज्याचा डीएनए त्याच्याशी जुळतच नव्हता!

कसं काय? तर कबुलीजबाब. तासन् तास चौकशी, लाय डिटेक्टर, एकदा फाशीची भीती तर एकदा सुटकेचं आमिष... शेवटी पोलिसांना हवं ते तो बोलला. डीएनएचं काय, तर म्हणे गुन्ह्यात आणखी कोणीतरी सामील होतं. १९९८ मध्ये त्याला शिक्षा झाली. पुढे अँजीच्या आईने त्या चौकशीच्या चित्रफिती स्वतः बसून पाहिल्या आणि तिची खात्री पटली की हा तो नव्हे. ज्याला मुलीचा खुनी समजत होती त्याच्याच सुटकेसाठी ही बाई झगडू लागली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात मोठं माणूस वाटतं ते हेच.

आता खरा गुन्हेगार शोधायचा कसा? पोलिसांच्या डीएनए यादीत माणूस सापडतो तो आधीच तिथे नोंदलेला असेल तरच. हा नव्हता. म्हणून २०१४ मध्ये पोलीस वळले वंशावळीच्या हौशी लोकांनी दिलेल्या नमुन्यांकडे. तपासलं ते वाय गुणसूत्र. हे बापाकडून मुलाकडे जातं, आपल्या आडनावासारखं. म्हणजे बघा, आपले छापील कुलवृत्तांत असतात ना, त्यात मुलगे पानोपान चालू राहतात आणि मुली 'अमुक गावी दिली' म्हणून एका ओळीत संपतात, अगदी तस्सं!

तर ३५ पैकी ३४ खुणा जुळल्या. नमुना होता एका गृहस्थांचा, कित्येक वर्षांपूर्वी पूर्वजांच्या हौसेपायी दिलेला. त्यांचा मुलगा न्यू ऑर्लिन्समध्ये चित्रपट बनवणारा, आणि दुर्दैवाने त्याने खुनाच्या विषयावर एक लघुपट केलेला. झालं! पोलीस दारात, कोर्टाचा हुकूम घेऊन. त्याचा नमुना घेतला, आणि साधारण महिनाभराने कळलं की हा माणूस निर्दोष आहे. बापाने हौसेने दिलं, मुलाने महिनाभर जीव मुठीत धरून काढला.

मग २०१८ चा एप्रिल आला. कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत डझनावर खून करणारा 'गोल्डन स्टेट किलर' पकडला गेला. जोसेफ डीअँजेलो, हा एकेकाळचा पोलीसच! इथे वापरलेली रीत वेगळी. एकट्या बापाची वाट न धरता डीएनएवरच्या लाखो जागा तपासायच्या, म्हणजे आई, आजी, पणजी, सगळ्यांकडून आलेलं हिशेबात येतं. जेडमॅच नावाच्या संकेतस्थळावर लोक दूरचे नातेवाईक शोधायला आपली माहिती ठेवत, तिथे ती ताडून पाहायची. खापरपणजोबा एक असले तर दोघांत सरासरी एक टक्क्याहूनही कमी डीएनए सारखा निघतो, पण तेवढा धागा पुरतो.

फक्त यंत्र सांगतं ते 'कझिन' एवढंच. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस अशी चार दारं आहेत. कुठलं दार ते माणसालाच शोधावं लागतं. जुनी जनगणना (ती अमेरिकेत ७२ वर्षांनी खुली होते), लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातले मृत्युलेख चाळत आधी वर खापरपणजोबांपर्यंत जायचं, मग एकेका फांदीने खाली यायचं. चिकाटीचं काम! आयडाहोच्या प्रकरणात ते सीसी मूर या वंशावळतज्ज्ञ बाईंनी केलं. नाव निघालं ब्रायन ड्रिप्स. खुनाच्या वेळी हा अँजीच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे राहत होता!! त्याने टाकलेल्या सिगारेटच्या थोटकावरचा डीएनए जुळला, मे २०१९ मध्ये अटक झाली आणि त्याने कबुली दिली. टॅप वीस वर्षं भोगून २०१७ मध्ये तडजोडीने बाहेर आला होता, पण खुनाचा शिक्का कायम होता. तो जुलै २०१९ मध्ये पुसला गेला. या शास्त्राने निर्दोष ठरवलेला तो पहिला माणूस. पुढे चारच वर्षं जगला, २०२३ मध्ये गेला.

त्याच मे महिन्यात जेडमॅचने नियम बदलला: ज्याने स्पष्ट होकार दिला त्याचीच माहिती पोलिसांना दिसेल. चांगलं केलं. पण होकार देणार एकजण आणि उघडे पडणार त्याचे सगळे गणगोत, त्याचं काय? आपल्यापैकी दोघांनी तिकडे किट आणून नळीत थुंकी भरून पाठवलीय, हे इथे वाचणाऱ्या भावंडांना ठाऊक आहेच. रागावू नका रे, पण त्या नळीत माझाही थोडा हिस्सा गेला, आणि आपल्या न जन्मलेल्या नातवंडांचाही.

उद्या तुम्ही मला विचारलंत की पोलिसांना हो म्हणू का, तर अँजीच्या आईकडे पाहून मी हो म्हणेन. न्यू ऑर्लिन्सच्या त्या माणसाला काय सांगायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.